केळीच्या खांबात टोचलेले स्क्रू

आधीच सांगून ठेवतो. लॅपटॉप उघड असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्याला ज्याला विचारलं तो नको म्हणाला. मेहुणा नको म्हणाला, कॉम्प्युटरचा दुकानवाला नको म्हणाला, आणि बायको तर मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला तरी नको म्हणते. तरी मी उघडला. आज कोणी विचारलं तर आजही सांगतो, बरं केलं. पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटलं तर ते तुमचं तुम्ही बघा.

माझी ओळख थोडक्यात. वसईत गिरीजला आमची वाडी. केळी, थोडे माड, पालेभाजी, कुंपणाला मोगरा. शाळा चौथीत सुटली. मी सोडली नाय, शाळेनंच मला सोडलं. टीचर म्हणाली, तू वर्गात आलास की पोरं फळ्याकडं बघतच नाय. तेव्हापासून लोकांना हसवायचं काम बिनपगारी चालू आहे. गावातल्या लग्नात माईक माझ्या हातात असतो. लोक मी बोलतो त्याला हसतात की माझ्या पँटला, हे मी कधी विचारलं नाय. विचारू नये.

घरातली अक्कल बायकोकडं. ती शिवणकाम करते. नवरीचे गाऊन, बाप्तिस्म्याची झबली, आणि सगळ्यात जास्त पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे पोरीला चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते त्या दिवसाचे, पांढरे फ्रॉक. तिच्याकडं एक भरतकामाचं मशीन आहे, जुनं, एकाच सुईचं, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यातून आणलेलं. हे मशीन आपलं आपण काय करत नाय. त्याला लॅपटॉप लागतो. बायको लॅपटॉपवर चित्र काढते, लॅपटॉप त्या चित्राचे टाके पाडतो आणि वायरीतून एकेक टाका मशीनला सांगत जातो. मशीन म्हणजे माझ्यासारखंच. हात चालतात, पण काय करायचं ते दुसऱ्यानं सांगावं लागतं.

आणि हे मशीन एकाच लॅपटॉपचं ऐकतं. त्यातलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या लॅपटॉपवर ते उघडतच नाय. मेहुण्यानं एकदा त्याच्या नव्या लॅपटॉपवर टाकून बघितलं होतं. शाकाहारी पाहुण्यापुढं डुकराचं इंदाल ठेवावं तसं तोंड केलं त्या लॅपटॉपनं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगल्या जागेवर आहे, वसई रोडला टॉवरमध्ये वरच्या माळ्यावर राहतो. माणूस सोन्यासारखा. फक्त त्याला जुनं काय दिसलं की हात धुवावेसे वाटतात.

तर झालं असं. आमच्या गावात कम्युनियनला दरवर्षी फ्रॉकची चढाओढ चालायची. एकीच्या फ्रॉकला मोती, दुसरीला मागं शेपूट, तिसरीचा एवढा फुगलेला की बाकावर तिच्या बाजूला कोणाला बसायला मिळत नाय. फादर वैतागले. म्हणाले, देवाकडं बघायचं की झालरीकडं. मग आयांनी मिटिंग घेतली आणि ठरवलं, या वेळी सगळ्या मुलींचे फ्रॉक एकसारखे. साधा पांढरा, आणि गळ्याखाली भरतकाम: मध्ये चषक, त्यावर गोल भाकर, एका बाजूला गव्हाच्या ओंब्या, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचा घोस.

हे काम बायकोनं घेतलं. घेतलं म्हणजे मिस्सा सुटल्यावर देवळाबाहेर, म्हणजे आमच्या चर्चबाहेर, सगळ्या बायकांसमोर म्हणाली, मी करीन. त्याला कारण होतं. स्टेशनाजवळ एक तयार फ्रॉकचं दुकान आहे. तिथला शेठ दोन-तीन आयांना सांगत होता, माझ्याकडं लेसवाला माल भरून ठेवलाय, गावातल्या शिवणाऱ्या बाईच्या भरवशावर राहिलात तर पोर रडत वेदीवर जाईल. हे बायकोच्या कानावर आलं होतं. म्हणून ती ‘मी करीन’ जरा मोठ्यानं बोलली.

फ्रॉक कापून, शिवून झाले. राहिलं भरतकाम. पहिला गळा फ्रेममध्ये ताणून मशीनवर चढवला. चषक झाला, भाकर झाली. ओंब्यांपर्यंत आलं आणि लॅपटॉप गोठला. पडद्यावर ते गोल-गोल फिरायला लागलं. सुई कापडात अर्धी उतरून उभी. बऱ्याच वेळानं लॅपटॉपला जाग आली, तशी त्या मशीननं मागचे राहिलेले सगळे टाके एकाच जागी ठाक-ठाक मारले. कापडाला भोक. पांढरा फ्रॉक, आणि भोक नेमकं छातीवर.

तिनं गळा उसवला, नवीन तुकडा लावला, परत चढवला. परत ओंब्यांवर भोक.

तेव्हा तिनं मशीन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. माझी बायको हात मांडीवर ठेवून बसत नाय. मयताच्या घरी गेली तरी पाच मिनिटांत त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून चहा टाकते. मी दोन विनोद केले. दोन्ही जमिनीवर पडले, तिथंच राहिले.

संध्याकाळी मेहुणा आला. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, काय-काय उघडून बघितलं.

“बाय, रॅम मी मागंच वाढवली. डिस्क पण नवीन टाकली. आता प्रोसेसरच कमी पडतो. सगळ्यात खालचा आहे तो.”

मी विचारलं, “प्रोसेसर म्हणजे?”

“लॅपटॉपचा मेंदू, भावजी.”

“मग मेंदू बदल.”

बायको म्हणाली, “मेंदू बदलून मिळत असता तर मी आधी लॅपटॉपचा बदलला असता काय?”

मेहुणा हसला. बायको हसली नाय. तो म्हणाला, “एवढ्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो निघतो खरा. खाचेत बसवलेला असतो. आताच्या नव्यांमध्ये बोर्डालाच सोल्डर करून पक्का करतात. पण हे आता कोणी करत नाही, बाय. बारीक काम आहे. एक पिन वाकली की संपलं. माझं ऐक, हा भंगारात दे. मी तुला नवीन घेतो.”

“आणि सॉफ्टवेअर?”

“ते पण नवीन घेऊ.”

“नवीन सॉफ्टवेअर या मशीनशी बोलेल?”

“मशीनपण जुनंच झालंय ना आता.”

“म्हणजे मशीनपण भंगारात.”

त्यानं लॅपटॉप मिटवला.

“मग मी पण जुनीच आहे,” बायको म्हणाली. “त्या भंगारवाल्याला टेम्पो मोठा आणायला सांग.”

मेहुणा बिचारा चहा अर्धा ठेवून गेला. त्याला बहिणीचं बरंच करायचं होतं. पण त्याच्या बरं करण्यात लॅपटॉप जात होता, लॅपटॉपच्या मागं मशीन जात होतं, आणि मशीनच्या मागं देवळाबाहेर मोठ्यानं बोललेली माझी बायको तोंडघशी पडत होती. रविवारी कम्युनियन होतं आणि हा होता त्याच्या आठ दिवस आधीचा शनिवार.

त्याच्या सगळ्या बोलण्यातलं मी एकच धरलं. जुन्यातला निघतो. मला ते लई आवडलं. नवं कोरं, महागाचं, आणि त्याचा मेंदू बदलता येत नाय. आणि आमचा हा खटारा, त्याचा येतो. मग खटारा कोण? वाडीतला पंप मी उघडतो. स्कूटर उघडतो. मिक्सर उघडला होता. त्यातलं परत काय-काय बंद झालं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोन केला. “नुसतं नाव सांग, कुठला बसेल. मी उघडणार नाय, माहितीसाठी विचारतो.” त्यानं सुटका व्हावी म्हणून एक नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, प्लीज उघडू नका.

कामणला रस्त्याच्या कडेनं गोदामं आहेत. त्यातल्या एकात ऑफिसांमधले मेलेले लॅपटॉप येतात. तिथं एक चाचा ढिगावर बसून एकेक फोडत असतो, मासेवाली कोलंबी सोलते तसा. मी त्याला मोबाईलमधला नंबर दाखवला. त्यानं पत्र्याच्या डब्यातनं चिमट्यानं एकेक चिप उचलून भिंगाखाली धरली आणि एक माझ्या हातावर ठेवली. छोट्या बिस्किटाएवढी, खाली सोनेरी पिना, नुकत्या भादरलेल्या टाळूसारख्या.

“चलेगा?” मी विचारलं.

“चला तो मेरेको याद करना,” चाचा म्हणाला. “नहीं चला तो भूल जाना.”

गॅरंटी म्हणून एवढी स्वच्छ गॅरंटी मला अजून कोणी दिली नाय. मी स्कूटरला राजेळी केळ्यांचा घड बांधून नेला होता, म्हटलं केळी देऊन भाव पाडू. त्यानं भाव पाडला नाय आणि घड ठेवून घेतला.

सोमवारी सकाळी बायको आगाशीला मैत्रिणीकडं गेली, भोक पडलेल्या गळ्यांसाठी तसंच कापड आणायला. मी वाडीतनं आलो, हात धुतले, पडवीत चटई टाकली आणि लॅपटॉप पालथा घातला. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला मुलगा हिंदीत सांगत होता, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून काढला ते लक्षात राहायला कागदावर चिकटवून ठेवा.

मी म्हटलं, कागद कशाला. आमच्याकडं मे महिन्यात गावातल्या क्रुसाजवळ लादीन असते, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. तेव्हा सजावटीला आम्ही केळीचा खांब आडवा कापतो आणि त्यात फुलं टोचतो. फुलं हलत नाय, सकाळपर्यंत ताजी. बाजारातला तो हिरवा स्पंज आमच्या गावात आलाच नाय, कारण प्रत्येकाच्या दारात केळ. सकाळीच घड उतरवलेली केळ वाडीत आडवी होती. तिची मी चांगली वीतभर रुंद चकती कापली आणि लॅपटॉपच्या पाठीवर जिथं जो स्क्रू, तिथंच चकतीत टोचत गेलो. डावा डावीकडं, उजवा उजवीकडं, मधले चार मध्ये. माझ्या हातून इतकं नीटनेटकं काम आयुष्यात झालं नव्हतं. फोटो काढून मेहुण्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, हे काय आहे. मी बोलून पाठवलं, “टेक्निक.”

मधले चार स्क्रू काढल्यावर तांब्याची पट्टी निघाली. तिच्याखाली चिप. मध्ये गरमी खेचायला लावलेली जुनी पेस्ट सुकून चुन्यासारखी झालेली. चिपच्या बाजूला एक छोटा स्क्रू, त्याच्या दोन बाजूंना कुलपाची दोन चित्रं, एक बंद, एक उघडं. उघड्याकडं फिरवला, आणि चिप सैल होऊन हातात आली. खोटं नाय सांगत, मला तेव्हा डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. नवीन ठेवली, ती आपल्या आपण खाली बसली, कुलूप लावलं. त्यानंतर व्हिडिओतला मुलगा म्हणाला, अब नया पेस्ट लगाइए.

पेस्ट माझ्याकडं नव्हती. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्याकडं गेलो तर त्याच्याकडं संपलेली. म्हणाला, बुधवारी येईल, पण तुम्ही हे करू नका. मी म्हटलं, बुधवारी येतो.

घरी येऊन चकती कट्ट्यावर ठेवली, वर टोपली पालथी घातली, कोंबडीनं स्क्रू टिपू नयेत म्हणून. बघा, केवढी काळजी.

बायको आगाशीहून आली. पडवीत उभी राहिली. लॅपटॉपची आतडी बाहेर.

“हे काय?”

“ऑपरेशन.”

“कोणाला विचारून?”

“पेशंटला.”

ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाय. जेवण वाढायची, पण ताट असं ठेवायची की आमटी उडून शर्टावर यायची. मी तिला सांगायचं सोडून भिंतीला सांगायचो, की बुधवारी बघा. भिंतीचाही विश्वास बसलेला दिसत नव्हता.

बुधवारी पेस्ट आणली आणि टोपली उचलली.

चकती काळी पडली होती. स्क्रूसुद्धा. एकेक उपटला तर मागं चिकाची तार, आणि आट्यांमध्ये केळीचे बारीक धागे गुंडाळलेले. केळीचा चीक. आम्हा वाडीवाल्यांच्या एकेका शर्टावर तो डाग असतो, शर्ट फाटेल पण डाग जाणार नाय. आमच्याकडं बायका त्या डागावरून ओळखतात की हा कुणाकडनं घड उतरवून आला. जन्म गेला माझा त्या चिकात. मला शर्टाचं माहीत होतं. स्क्रूचं डोक्यात आलं नाय.

पण मी आता मागं फिरणार होतो काय? रॉकेलच्या बोळ्यानं स्क्रू पुसले. पुसले म्हणजे डोकी पुसली, आट्यांमध्ये कोण बघतो. मग पेस्ट. व्हिडिओत म्हणाला, मटर के दाने जितना. मटारच्या दाण्याएवढ्यानं काय होतं? आम्ही माडाच्या बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतो तो कसा, बोटभर जाड, तेव्हा माड वाचतो. मी ट्यूब पिळली. चिपवर लावली, पट्टीवर लावली, उरली ती कडेनं लावली. मग स्क्रू. तीन बसले. चौथा अर्ध्यात अडकला, चिकानं आणि धाग्यानं. मी जोर केला. स्क्रू पुढं गेला नाय, त्याचं डोकं मात्र गुळगुळीत झालं. मी म्हटलं, राहू दे, तीन पायांचं स्टूल पण उभं राहतं.

झाकण लावलं, बटण दाबलं. चालू झाला.

मी बायकोला हाक मारली. मौन सोडून नाय, पण आली. तिनं ते चित्र उघडलं. पूर्वी ते उघडेपर्यंत ती मेथीची जुडी निवडून घ्यायची. आता टिचकी मारल्याबरोबर समोर. लहान केलं, मोठं केलं, द्राक्षं फिरवली. कुठं अडकला नाय.

“बरं,” ती म्हणाली.

माझ्या बायकोच्या तोंडचं बरं म्हणजे दुसऱ्याच्या घरी ब्रास बँड.

तिनं नवीन गळा चढवला. चषक. भाकर. ओंब्या, जिथं भोक पडायचं, तिथनं मशीन सळसळत पुढं गेलं. मी हात वर करून नाचायचाच बाकी होतो. द्राक्षांचा पहिला मणी भरत होतं आणि लॅपटॉप बंद पडला. गोठला नाय, सरळ मेला. पडदा काळा. नशीब सुई वर होती. मी लॅपटॉपच्या खाली हात घातला आणि काढला. त्यावर भाकरी भाजली असती.

नेमकी तेव्हाच पाचूबंदरची एक बाई दारात आली. मासे विकते. तिची मुलगी मामाकडं, आमच्या गावात राहून शिकते, म्हणून कम्युनियन इथं. बायकोनं तिला बसायला सांगितलं, पाणी आणते म्हणाली.

“पानी नको गो,” ती म्हणाली. “फ्रॉक दाखव.”

बायकोनं दाखवला. बिनद्राक्षांचा.

ती बाई फ्रॉककडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, “त्या स्टेशनाजवलच्या दुकानवाल्याचा फोन आलेला. तो देतोय. मी नाय बोलले. पन नाय होनार असंल तर आताच सांग. सगल्या एकसारख्या आनि माजी एकटी पोर लेसवाली उभी, असं नको करू. आधीच तिला पोरी मासेवालीची म्हनतात.”

“शनिवारी ये,” बायको म्हणाली. “घालून बघायला.”

“होईल ना?”

“शनिवारी ये.”

बाई गेली. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी विनोद शोधत होतो, सापडला नाय.

मेहुण्याला फोन लावत राहिलो, तो लागला गुरुवारी संध्याकाळी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. “स्क्रू तीनच? मग पट्टी एका कोपऱ्यात उचललेली असणार. चिपची गरमी जात नाही, म्हणून तो स्वतःच बंद होतो. आणि पेस्ट किती लावली, भावजी?”

“माडाला लावतो तेवढी.”

पलीकडं त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “मी उद्या नवीन घेऊन येतो. बास झालं. बायला म्हणावं, त्या दुकानातले फ्रॉक घ्यायला सांग सगळ्यांना. एक वर्ष नाही झालं तर काय बिघडतं?”

फोन स्पीकरवर होता.

बायको उठली. दाराला कडी घातली, ओढणी कमरेला खोचली, लॅपटॉप पालथा घातला आणि मला म्हणाली, “टॉर्च धरा.”

“अगं, तुला—”

“टॉर्च.”

मी टॉर्च धरला. तिनं झाकण काढलं. अडकलेला स्क्रू तिनं तिच्या लहान पक्कडीनं धरला, सुई मोडून मशीनमध्ये अडकली की काढायची ती पक्कड, आणि जोर न करता इकडं-तिकडं हलवत बाहेर काढला. त्याच्या आट्या गेलेल्या, भोकाच्याही. बाकीच्या स्क्रूंच्या आट्यांमधले धागे तिनं सुईनं एकेक उचलले, उसवण काढतात तसे. मग कापसानं पेस्ट पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय.

“हे एवढं कोणाचं बारसं होतं?”

मी मान दुसरीकडं वळवली. टॉर्च हलला.

“हलवू नका.”

थोडीच पेस्ट ठेवली. पट्टी बसवली, तीन स्क्रू आवळले, आणि चौथ्या कोपऱ्यावर बोट दाबून बघितलं. कोपरा हलत होता. तिनं झाकण आतून-बाहेरून बघितलं. मग म्हणाली, “पंपाच्या पायपाला बांधता ती सायकलची ट्यूब आहे?”

मी पळत वाडीत गेलो, ट्यूबचा तुकडा आणला. तिनं तो कातरीनं कापला, घडी केली, कोपऱ्यावर ठेवून झाकण लावून बघितलं. जाड झालं. एक घडी कमी केली. टेबल डुगडुगायला लागलं की पायाखाली पुठ्ठा घालते तसंच. झाकण दाबून बसलं, आणि झाकणानं रबर दाबलं, रबरानं कोपरा. स्क्रू नाय तर नाय.

“हे चालेल?” मी विचारलं.

“तुम्ही केलं ते चालणार होतं काय?”

शुक्रवारी सकाळी मेहुणा आला तेव्हा मशीन चालू होतं. त्याच्या हातात नव्या लॅपटॉपचा खोका. तो बोलायला गेला, बायकोनं नुसतं बोट वर केलं, थांब म्हणून. तो खोका छातीशी धरून उभा राहिला. चषक झाला होता. भाकर झाली होती. ओंब्या सरत आल्या. मग सुई उजवीकडं सरकली आणि द्राक्षांवर आली. पहिला मणी गोल फिरून पुरा झाला. दुसरा सुरू झाला. आम्ही तिघं असे उभे होतो, जसं कोण वेदीवर भाकर उचलून धरतंय. मणी भरत गेले, एकाच्या खाली एक, घोस वाढत गेला, शेवटी पानावर आली सुई, पान भरलं, देठ भरलं. मशीन थांबलं. बायकोनं दोरा कापला.

मेहुण्यानं लॅपटॉपच्या खाली हात घालून बघितला.

“गरम आहे,” तो म्हणाला. “पण ठीक आहे.” मग वाकून बघत म्हणाला, “इथं स्क्रूच नाही, भावजी.”

“तो निवृत्त झाला,” मी म्हटलं.

शुक्रवारभर मशीन चाललं, गुरुवारी रात्री मी धरलेल्या टॉर्चसारखं थरथरलं नाय. बायकोनं लॅपटॉप दोन विटांवर ठेवला, खालनं टेबलफॅन लावला. मी बाजूला बसून फ्रॉकचे लोंबते दोरे कापत होतो. दोन फ्रॉकचे दोरे कापल्यावर तिनं माझ्या हातातनं कातर घेतली.

शनिवारी पाचूबंदरची बाई पोरीला घेऊन आली. पोरीनं फ्रॉक घातला, आरशात बघितलं, मग वळून पाठ बघितली. आई गुडघ्यावर बसली, गळ्यावरच्या द्राक्षांवरून अंगठा फिरवला, आधी उलट्या बाजूनं, मग सुलट्या. मासा ताजा आहे की नाय बघतात तसा. मग उठली.

“आता त्या दुकानवाल्याचा फोन येऊ दे,” ती म्हणाली. “माज्याकडं पन दोन शब्द हायत.”

रविवारी सगळ्या मुली एका ओळीत चालत गेल्या. कोण मासेवालीची, कोण डॉक्टरची, कोण आमच्यासारख्या वाडीवाल्याची, मागनं बघून सांगता आलं नसतं. आमच्यापुढच्या बाकावरच्या दोन बायका बोलत होत्या की हे काम मुंबईहून करून आणलं असणार. बायकोनं ऐकलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

दुपारी मेहुणा जेवायला आमच्याकडंच होता. नव्या लॅपटॉपचा खोका त्यानं परत नेला नव्हता, कोपऱ्यात ठेवला होता. जेवताना म्हणाला, “बाय, छान झालं. खरंच छान झालं. पण तो लॅपटॉप रबराच्या तुकड्यावर चाललाय. कधीपण बंद पडेल. हा नवा ठेव, असू दे घरात.”

“तुझ्या मुलीला दे. तिला शाळेला लागेल.”

“आणि हा बंद पडला तर?”

“पडेल तेव्हा परत उघडू.”

“बाय, ऐकत का नाहीस तू?”

“तुझं ऐकलं असतं तर आज त्या मुली लेस लावून गेल्या असत्या.” तिनं त्याच्या पानात भात वाढला. “पुढच्या महिन्यात शेजारच्या गावाचं कम्युनियन आहे. त्यांच्या आया आज देवळाबाहेर भेटल्या. मी हो म्हटलंय.”

मेहुण्याचा घास हातातच राहिला. माझाही. मला कोणी विचारलं नव्हतं. पण मी पण त्या लॅपटॉपला विचारूनच उघडला होता, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

“हो कसं म्हटलंस, बाय?” मेहुणा म्हणाला.

“मोठ्यानं,” बायको म्हणाली.